शंभरची गोळी

मिरजेला डॉक्टरांचा तुटवडा कधीच नव्हता. वॉन्लेस साहेबांनी इथे दवाखाना काढला तेव्हापासून कोकणातून, कर्नाटकातून माणसं औषधपाण्याला मिरजेत येत आली आहेत. आम्ही तर स्टेशनजवळच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये राहणारे. तरीही १९८१ साली, सातवीत असताना, शाळेच्या प्रार्थनेत मला पहिली फिट आली तेव्हा आधी चप्पल धावून आली, मग कांदा, आणि दातखीळ सुटावी म्हणून कुणीतरी तोंडात चमचा घातला. चमच्याने फिट थांबली नाही, पुढच्या दाताचा टवका मात्र गेला. तोंडात काहीही घालायचं नसतं, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ सारायचं, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबली नाही तर गाडी काढायची, एवढंच काय ते करायचं असतं. हे मला पुढे कितीतरी लोकांना सांगावं लागलं.

दुसरी फिट आल्यावर फेनिटॉइनची गोळी सुरू झाली. घरात तिचं नाव शंभरची गोळी. शंभर मिलिग्रॅमची म्हणून शंभरची.

आजीला नरसोबाच्या वाडीला जायचं होतं. तिथे अंगात आलेल्या, झपाटलेल्या माणसांना आणतात, आणि नातीची गत त्यातलीच असं तिचं मत होतं. डॉक्टरांनी तिला विरोध केला नाही. म्हणाले, "आजी, दत्ताला जरूर जा. पण गोळी बरोबर न्या. दत्ताच्या समोर घेतली तरी चालेल, पण घ्यायची." मग बाबांना बाजूला घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. पहिल्या दोन महिन्यांत अंगावर पुरळ उठलं, तोंडात फोड आले, ताप आला, तर रात्री दोन वाजताही दार ठोठावा. आणि फिट येत नाही म्हणून गोळी आपल्या मनाने कधीही बंद करायची नाही. अचानक बंद केली की फिटीमागून फिट येते, मधे शुद्धच येत नाही, आणि त्यात माणूस जाऊ शकतो. बाबा रेल्वेत गार्ड. नियम पाळण्यात त्यांना अवघड काहीच नव्हतं. ड्यूटीवर निघायच्या आधी ते गोळी माझ्या तळहातावर ठेवून पाण्याचा तांब्या पुढे करत.

या औषधाचा जन्म मी खूप नंतर वाचला. १९०८ मध्ये हाइनरिश बिल्ट्झ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते बनवलं. त्याने झोप येत नाही, म्हणून त्याचा काही उपयोग नाही असं ठरलं आणि ते बाजूला पडलं. तोवर फिटीवर जे काही दिलं जाई ते माणसाला गुंगवून. १९१२ पासून फेनोबार्बिटोन होतं, त्याने फिट थांबे आणि मूल वर्गात पेंगे. मग बॉस्टनमध्ये मेरिट आणि पटनम या दोघांनी मांजरांना विजेचे झटके देऊन एकेक रसायन तपासायला घेतलं, आणि १९३८ मध्ये जाहीर केलं की ज्याने झोप येत नाही तेच फिट थांबवतं. गुंगी न आणता फिट थांबते हे कळायला तीस वर्षं लागली. मी दहावीला न पेंगता अभ्यास करू शकले त्याच्या मागे ती बॉस्टनची मांजरं आहेत, याचं मला अजून अवघडलेपण वाटतं. (जागरण फिटीला वाईट, हे वेगळं. आई रात्री दहाला दिवा घालवायची.)

नववीत हिरड्या वाढू लागल्या. दातांच्या मधून गुलाबी मांस खाली उतरलं, हसताना दात अर्धेच दिसायचे. फेनिटॉइन घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांना हे कमीअधिक होतं. ओठावर, हातांवर लव दाट झाली. चौदा वर्षांच्या मुलीला फिट आणि मिशी यांतलं एक निवडायला सांगा, ती काय निवडेल हे मोठ्यांना वाटतं तितकं उघड नसतं. मी गोळी थुंकत नव्हते याचं एकमेव कारण बाबा समोर उभे असत. दातांच्या डॉक्टरांनी रोज दोनदा नीट ब्रश आणि दर सहा महिन्यांनी सफाई एवढ्यावर बरंच आटोक्यात आणलं. हे कुणी गोळी सुरू करताना सांगितलं असतं तर हिरड्या एवढ्या वाढल्या नसत्या असं मला वाटतं. पण तेव्हा फिट थांबली हेच इतकं मोठं होतं की हिरडीबद्दल बोलणं म्हणजे लाड.

खरा धडा एकोणिसाव्या वर्षी मिळाला. मानेत गाठी आल्या, तपासणीत टीबी निघाला. टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या आणि रात्रीच्या शंभरच्या तीन गोळ्या चालूच राहिल्या. दोन्ही चिठ्ठ्या वेगवेगळ्या डॉक्टरांच्या, दोन्ही बरोबर. काही आठवड्यांनी मी कॉलेजच्या जिन्यावर भिंत धरून चालू लागले. ओळी वाचताना अक्षरं आडवी नाचत. बोलताना जीभ जड. एका प्राध्यापकांनी बाबांना बोलावून, मुलीला काही व्यसन आहे का, असं विचारलं. बाबा घरी येऊन बराच वेळ काही बोलले नाहीत.

टीबीच्या औषधांतलं आयसोनियाझिड यकृतातली फेनिटॉइनची वाट अडवतं. आपल्याकडे पुष्कळ लोकांच्या शरीरात आयसोनियाझिड हळू मोडतं, त्यांच्यात ते जास्तच अडवतं. त्याच कोर्समधलं रिफाम्पिसिन उलट फेनिटॉइन लवकर संपवतं, पण माझ्यात तरी आयसोनियाझिडचं पारडं जड झालं. रक्तातली पातळी मिलिलिटरला दहा ते वीस मायक्रोग्रॅम असायला हवी, माझी त्याच्या बरीच वर गेली होती. न्यूरॉलॉजिस्टनी ते बाबांना त्यांच्याच भाषेत समजावलं. स्टेशनवरची तिकिटाची खिडकी असते, रोजची गर्दी असेपर्यंत रांग सरकते. खिडकीतल्या बाबूचा हात कमाल जितका चालायचा तितका चालतो, त्यापुढे चारच माणसं जास्त आली तरी रांग प्लॅटफॉर्मवर जाते. फेनिटॉइनचं यकृतात हेच होतं. म्हणून तीनच्या सरळ चार गोळ्या केल्या की औषध एक तृतीयांश वाढत नाही, दुपटीहूनही वर जाऊ शकतं. म्हणून ते पन्नास किंवा त्याहूनही कमी मिलिग्रॅमने वाढवतात. गोळ्या कमी झाल्या, आठवड्याभरात चाल सुधारली. टीबीचा कोर्स संपल्यावर त्या पुन्हा वाढवाव्या लागल्या, कारण खिडकी पुन्हा मोकळी झाली होती.

तेव्हापासून मी कुठल्याही दवाखान्यात आधी शंभरची गोळी टेबलावर ठेवते, मग दुखणं सांगते. बुरशीवरच्या फ्लुकोनाझोलने तिची पातळी वाढते. दुखण्यावरच्या ट्रॅमाडॉलने फिटीचा उंबरठा खाली येतो. कुटुंबनियोजनाची गोळी तिच्यामुळे कुचकामी ठरू शकते. फिटीवर शंभर टक्के आयुर्वेदिक म्हणून विकल्या गेलेल्या पुड्यांत तपासणीअंती फेनोबार्बिटोन निघाल्याची उदाहरणं आहेत. पुडी संपली की रुग्णाला न कळत ते औषध अचानक बंद होतं, आणि परिणामही अचानक बंद केल्याचेच. औषध दुकानदाराने "कंपनी वेगळी आहे, बाकी सेम" म्हणून दुसरी पट्टी पुढे केली की मी ती परत करते. १९६८ साली ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला फेनिटॉइन घेणाऱ्या अनेकांना एकाएकी विषबाधेची लक्षणं दिसू लागली. औषध तेवढंच होतं, कॅप्सूल भरायला वापरायचं कॅल्शियम सल्फेट बदलून लॅक्टोज केलं होतं, एवढंच. कॅल्शियममुळे औषध पुरतं शोषलं जात नव्हतं, आता जाऊ लागलं. दुकानदाराला हे सगळं मी सांगत नाही. "हीच द्या" म्हणते.

लग्नाच्या वेळी बाबांनी मुलाकडच्यांना सगळं आधी सांगितलं. बरेच नातेवाईक म्हणाले, एवढं कशाला. त्या काळी हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणाऱ्या फिटीमुळे लग्न रद्द ठरवून घेता येत असे. ती तरतूद १९९९ मध्ये गेली, आमचं लग्न त्याच्या आधीचं, १९९४ चं. पण बाबांचं कारण कायदा नव्हतं. ते म्हणाले, "लपवलं तर गोळीही लपवून खावी लागेल, आणि लपवून खाल्लेली गोळी चुकते." याच्याइतकं शहाणं वाक्य मी औषधाबद्दल दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

बाळाचा विचार करायच्या आधीच न्यूरॉलॉजिस्टकडे गेलो. त्यांनी आधीपासून फॉलिक अॅसिड दिलं, आणि आकडे लपवले नाहीत. फेनिटॉइनने काही बाळांना जन्मदोष होतात, काहींची नखं, बोटांची टोकं छोटी राहतात. पण मोठी फिट आली, आई पडली, तर त्याचाही धोका बाळालाच. एकच औषध आणि ते शक्य तितक्या कमी मात्रेत, हाच मधला मार्ग. गरोदरपणात रक्तातली पातळी घसरते म्हणून रक्त तपासत राहिलो, सहाव्या महिन्यात डोस वाढवावा लागला. सासूबाईंनी विचारलं, "एवढी औषधं पोटात, पोराला काही होणार नाही ना?" मला उत्तर द्यायचं होतं, पण उत्तर 'नाही' असं नव्हतं. १९९६ मध्ये मुलगी झाली. पहिल्यांदा हातात दिली तेव्हा मी तिचा चेहरा नंतर पाहिला, आधी बोटं उलगडून नखं पाहिली. पूर्ण होती, पातळ, आणि फार लांब. नर्स म्हणाली, आताच कापू नका.

गोळी तीच होती. ती खाणारी मात्र प्रत्येक वेळी वेगळी होती, आणि तिच्याबरोबर गोळीचा धोकाही वेगळा होत गेला.

हे माझ्या भाचीच्या वेळी फार उपयोगी पडलं. तिला सकाळी उठल्यावर हातांना झटके बसत, चहाचा कप उडे, मग एकदा मोठी फिट. तिच्या आईने मला फोन केला, "अक्का, तुझीच गोळी सुरू करते तोवर." मी जवळजवळ ओरडले. भाचीच्या प्रकारच्या झटक्यांत फेनिटॉइनने ते वाढू शकतात. डॉक्टरांनी सांगितलं की या प्रकाराला सगळ्यात जोरकस औषध सोडियम व्हॅल्प्रोएट. त्याचीही कथा गमतीची आहे. फ्रान्समध्ये १९६० च्या दशकात ते इतर औषधं विरघळवायचं द्रावक म्हणून वापरत होते, आणि त्यात काहीही विरघळवलं तरी फिट थांबते असं दिसलं. पण गरोदर बाईने घेतलं तर सुमारे शंभरात दहा बाळांना जन्मदोष आणि तीस ते चाळीस मुलांच्या बोलण्या-शिकण्याच्या वाढीत अडचण. ब्रिटनमध्ये २०१८ पासून गर्भधारणा टाळण्याची पक्की व्यवस्था केल्याशिवाय ते गर्भ राहू शकणाऱ्या बायकांना देत नाहीत. भाची एकवीसची. तिने दुसरं औषध निवडलं. "लग्न ठरलं की बघू" असं कुणीतरी म्हणालं, त्यावर ती म्हणाली, "लग्न ठरायच्या आधीही गर्भ राहू शकतो, मावशी." खोलीत शांतता पसरली, पण डॉक्टर हसले.

माझ्या हाडांचं कळलं ते पन्नाशीनंतर. ओट्याशेजारी घसरले, फार जोरात नाही, आणि मनगट मोडलं. फेनिटॉइन यकृतातली यंत्रणा इतकी कामाला लावतं की 'ड' जीवनसत्त्वही लवकर संपतं. वर्षानुवर्षांच्या त्या खर्चाचा हिशेब हाडं देतात. हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन केला, कॅल्शियम आणि 'ड' सुरू झालं. मग एवढ्या वर्षांनी गोळी बदलायची का, हा प्रश्न. एक डॉक्टर म्हणाले, फिट येत नाही तर हात लावू नका. दुसरे म्हणाले, हाडं बघता लावायला हवा. दोघांचंही बरोबर होतं, आणि मी तीन महिने ठरवत बसले. शेवटी लेव्हेटिरासिटॅम चढवायचं आणि शंभरची एकेक करून उतरवायची, असं ठरलं. उतरवताना आणखी एक गंमत कळली. यकृताला लावलेली घाई कमी झाली की इतर औषधंही अंगात जास्त टिकतात, म्हणून माझी रक्तदाबाची गोळी पुन्हा बेताने ठरवायची आहे.

सध्या रात्री शंभरची एकच उरली आहे. नव्या औषधाने काहींचा स्वभाव चिडका होतो, म्हणून डॉक्टरांनी नवऱ्याला वहीत नोंद ठेवायला सांगितलं आहे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तीन नोंदी केल्या. तिन्ही, माझ्या मते, ओला टॉवेल गादीवर टाकल्याच्या आहेत. पुढच्या तारखेला ते वही नेणार, आणि मी टॉवेलची बाजू मांडणार.