निर्देशांकाने जे केले, ते मी केले नाही

माझा शेअर बाजारातला सगळ्यात मोठा तोटा थांबून राहिल्यामुळे झाला. थांबणाऱ्याला बाजार फळ देतो असे मी इतक्यांदा ऐकले आणि इतरांना सांगितले होते, की हे कबूल करायला मला बरीच वर्षे लागली.

२००७ सालची तेजी ज्यांनी पाहिली त्यांना आठवत असेल, तेव्हा रस्ते, वीज, बंदरे बांधणाऱ्या कंपन्यांखेरीज दुसरे काही बोललेच जात नव्हते. जानेवारी २००८ मध्ये सेन्सेक्स २१,००० च्या वर गेला. त्याच सुमारास मी अशाच एका कंपनीचे शेअर घेतले. हातात किती हजार कोटींची कामे आहेत ते वाचले. ती कामे किती कर्ज काढून होणार, ते पाहिले नाही. सहा महिन्यांत भाव वाढला की विकायचे, एवढाच विचार होता.

२१ जानेवारीला एका दिवसात सेन्सेक्स १,४०८ अंकांनी कोसळला आणि ९ मार्च २००९ ला तो ८,१६० वर बंद झाला. माझा शेअर त्याहून कितीतरी जास्त पडला. ‘‘अहो, विकून मोकळे व्हा,’’ असे बायको म्हणाली, तेव्हा मी तिला ऐकवले, ‘‘मी लाँग टर्मसाठी घेतलाय.’’ त्या दिवसापर्यंत हा शब्द माझ्या मनातही आला नव्हता. भाव पडला आणि मी दीर्घकालीन गुंतवणूकदार झालो.

मग एव्हरेज करणे सुरू झाले. भाव खाली आला की आणखी घ्यायचे, म्हणजे सरासरी खरेदी भाव कमी होतो. कागदावर तो होतोही, पण बुडत्या कंपनीत आपला पैसा वाढत जातो. त्यासाठी रोकड कुठून आणली, हे सांगताना आजही जीव तुटतो. मंदीच्या तळाशी मी रंग बनवणाऱ्या एका उत्तम कंपनीचे शेअर घेतले होते. लोकसभेच्या निकालांनंतर, १८ मे २००९ ला, बाजाराला वरचे सर्किट लागले. त्या उत्साहात थोड्या नफ्यावर ते मी विकले आणि पैसे त्या पडक्या शेअरमध्ये घातले. नफ्यातला शेअर विकताना मन कचरत नाही, तोट्यातला विकताना आपण चुकलो हे मान्य करावे लागते. मला तेच टाळायचे होते. खरेदी भाव परत आला की बाहेर पडेन, असे मी म्हणत राहिलो. पण ८० टक्के पडलेला शेअर मूळ भावाला यायला पाचपट व्हावा लागतो, हे साधे गणित मी कधी मांडले नाही.

माझा युक्तिवाद असा असे की सेन्सेक्स प्रत्येक मंदीतून वर आला, तसा माझाही शेअर येईल. सेन्सेक्स २०२४ मध्ये ८०,००० च्या पलीकडे गेला, हे खरेच आहे. पण तो त्याच तीस कंपन्या धरून तिथे पोचलेला नाही. १९८६ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्यात कुर्ल्याला मोटारी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, हिंदुस्तान मोटर्स होती. मागे पडलेल्या कंपन्या त्यातून काढल्या जातात आणि नव्या घेतल्या जातात. ज्या निर्देशांकाच्या भरवशावर मी शेअर धरून बसलो होतो, त्यानेच वेळोवेळी असे शेअर सोडून दिले होते.

सगळे समोर छापलेले होते. २००९ च्या सुरुवातीला सेबीने प्रवर्तकांनी तारण ठेवलेल्या शेअरांची माहिती जाहीर करणे बंधनकारक केले. माझ्या कंपनीत तो आकडा दर तिमाहीला वाढत होता. भाव पडला की सावकार तारणातले शेअर विकतो, त्याने भाव आणखी पडतो. वार्षिक अहवालात व्याजाचा खर्च कामकाजाच्या नफ्याला गिळत होता. अहवाल घरी येत, मी पाकीटही फोडत नसे. शेवटी कंपनी दिवाळखोरी संहितेखाली गेली. त्यात आधी देणेकऱ्यांचे पैसे भागतात, भागधारकाचा नंबर सर्वांत शेवटी लागतो. आमच्यापर्यंत काही उरले नाही; जुने शेअर रद्द झाले आणि डीमॅट खात्यातून ती ओळच गेली. २०१८ पासून दीर्घकालीन भांडवली नफ्यावर कर आहे, त्यामुळे वेळेत विकले असते तर निदान तो तोटा अशा नफ्यातून वजा करता आला असता, विवरणपत्र मुदतीत भरून आठ वर्षे पुढे नेता आला असता. तेही हुकले.

तुमच्या डीमॅट खात्यात वर्षानुवर्षे खरेदी भावाच्या खाली पडलेला एखादा शेअर असेल, तर या आठवड्यात त्या कंपनीचा ताजा अहवाल काढा आणि कर्ज, व्याज व प्रवर्तकांचे तारण हे तीन आकडे पाहा. आज हातात रोख असती तर हाच शेअर घेतला असता का, याचे उत्तर ‘नाही’ असेल, तर खरेदी भावाची वाट न पाहता विका.