कासच्या पठारावरील एक सकाळ

भाद्रपदाच्या अखेरीस आम्हीं सातारा सोडला, तेव्हां पावसाची झिमझिम थांबली नव्हती. यवतेश्वराचा घाट चढून सुमारें २५ किलोमीटरांवरील कासचें पठार पहावयाचें, आणि अंथरुणास खिळलेल्या आमच्या आक्कांसाठीं तेथील फुलें डिजिटल कॅमेऱ्यांत टिपून आणावयाचीं, असा बेत होता. आक्कांचें बालपण साताऱ्यास गेलेलें. घरून निघतांना त्या एवढेंच म्हणाल्या होत्या, "तेरडा कोठेंही दिसतो रे, मला गेंद दाखव. पांढरा स्वच्छ!"

कासच्या जांभ्या खडकावर मातीचा थर अगदीं पातळ. मोठे वृक्ष तेथें सहसा रुजत नाहींत. इवल्या वनस्पतीच पावसाळ्याच्या ओलीवर फुलून, बीं टाकून आपला संसार आटोपतात. २०१२ सालीं युनेस्कोनें पश्चिम घाटांतील ३९ स्थळांस जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत हें पठारही आहे. आम्ही पोहोंचलों तों धुकें उतरलें होतें. त्यांतून तेरड्याचा गुलाबी गालिचा, सीतेच्या आसवांचे निळे-जांभळे ठिपके आणि गेंदाच्या शुभ्र गुंड्या हळूहळू दिसूं लागल्या.

वाचकहो, पहिलीं वीस चित्रें पाहून आम्ही ओशाळलों. गेंद राखेंत लोळल्यासारखा करडा! दोष अर्थात् आम्हीं कॅमेऱ्यास दिला. बरोबर आलेली पुतणी हंसून म्हणाली, "काका, यंत्राला पांढरें कळत नाहीं. समोरचें सारें मध्यम करडेंच असावें, असें धरून तें उजेडाचें माप घेतें. पांढरें आहे, हें आपण सांगायचें." तिनें एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनचा आंकडा शून्यावरून अधिक एकवर नेला, म्हणजे प्रकाश दुप्पट झाला. गेंद उजळला; पण त्यापायीं शटरचा वेग सेकंदाच्या १/१२५ वरून १/६० वर उतरला, आणि वाऱ्यानें डोलणारें फूल पुसट उमटलें.

मग तिनें हिशेब मांडला. शटर १/५०० वर नेलें, तर उजेड सुमारें अष्टमांश होतो. भिंगाचें छिद्र एफ/८ वरून एफ/५.६ केलें, कीं तो दुप्पट, आय. एस. ओ. १०० वरून ४०० केला, कीं चौपट. बे चोक आठ; देणें फिटलें! चित्रांत किंचित् कण उमटतात, एवढीच काय ती किंमत.

गेंदाचा एक भरघोस ताटवा पायवाटेपासून चार पावलांवर होता. मोहानें आम्हीं पाऊल उचललें, तों खालीं सीतेचीं आसवें दिसलीं. एका पावलांत किती गेलीं असतीं! आम्ही मागें सरलों, वाटेच्या कडेला गुडघे टेकले, आणि जवळच्या चार-दोन गुंड्यांवरच समाधान मानलें.

दुसऱ्या दिवशीं घरीं परतून आक्कांच्या उशाशीं बसलों. त्यांनीं चित्र बराच वेळ न्याहाळलें.

"गेंद एवढाच?"

"वाटेवरून एवढाच दिसला, आक्का."

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आम्हांलाही वडील वाटेवरूनच दाखवीत. अगदीं अस्साच पांढरा!"