गाळणीतली काटकसर

तुमच्या घरात गाळण्या किती, असं कुणी मला विचारलं असतं, तर ओट्याकडे नजर टाकून मी बोटांवर मोजून सांगितलं असतं. चहाची एक, दुधाची बारीक जाळीची एक, पिठाच्या दोन चाळण्या आणि सासूबाईंचं हंड्यावरचं दुपदरी सुती फडकं. पण अंगणातल्या गाडीतही तीन गाळण्या आहेत, आणि घरातली फी, किराणा, बँकेचा हप्ता सगळं त्यांच्या जिवावर चालतं, हे कळायला मला लग्नाची अकरा वर्षं लागली. तेही चांगलं अंगाशी आल्यावर!

आम्ही संगमनेरचे. ह्यांची डिझेलवर चालणारी पिकअप आहे, २०१९ साली कर्ज काढून घेतलेली. टोमॅटो, कांदा, डाळिंब, पडेल ते भाडं. मी बी.ए. झालेली, एका शाळेत तासांवर मराठी शिकवते. घरचा हिशेब माझ्याकडे. दोन रुपये कुठं वाचतील, यावर माझा डोळा. त्याबद्दल माहेरी-सासरी माझं कौतुकही होतं, त्यामुळं थोडी घमेंडच होती म्हणा ना.

२०२३ चा जून महिना. गाडी सर्व्हिसिंगला टाकायची होती आणि हे बाहेरगावी. फोनवर म्हणाले, “अगं, शाळेतून येताना तीन फिल्टर घेऊन ये. मिस्त्रीनं नंबर लिहून दिलेत.” मी चिठ्ठी घेऊन दुकानात गेले. हवेचा झाला, ऑईलचा झाला. डिझेलच्या फिल्टरचे मात्र दुकानदारानं दोन डबे पुढं ठेवले. “ताई, माल तोच आहे, फक्त डबा वेगळा.” फरक ४२० रुपयांचा. आकडा ऐकूनच शहाणं व्हायला हवं होतं, नाही का? पण लेकीला रेनकोट घ्यायचा होता. मी स्वस्तातला डबा उचलला, वाचलेल्या पैशांत गुलाबी रेनकोट घेतला आणि घरी येऊन काही बोलले नाही. गॅरेजमध्ये त्या दिवशी मिस्त्री नव्हते, हाताखालच्या पोरानं तो बसवून टाकला.

त्या जुलैत टोमॅटोचे भाव आठवतात ना? किलोला शंभराच्या वर गेले होते. त्याच वर्षी उन्हाळ्यात मात्र भाव नाही म्हणून शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले होते. आमच्या ओळखीच्या एका शेतकरी काकांचे साठ क्रेट नारायणगावच्या बाजारात न्यायचे होते. वीस किलोचा एक क्रेट दोन हजारांच्या आसपास जात होता. म्हणजे गाडीत लाखाच्या वरचा माल, आणि तो दुसऱ्याचा! काका स्वतः ह्यांच्या शेजारी बसले होते.

बाहेर पाऊस लागलेला. संगमनेर सोडून चंदनापुरी घाटाची चढण लागली आणि गाडी ओढेना. ॲक्सिलरेटर दाबला तरी इंजिन गुदमरल्यासारखं करायचं. दोनदा धक्के देऊन बंदच पडली. रात्री साडेनऊला फोन आला. मी दिराला उठवलं, दुसरी गाडी शोधली, भर पावसात साठ क्रेट इकडून तिकडं केले. माल पहाटे उशिरा पोचला, खालचे क्रेट दबले होते. काकांनी ठरलेलं भाडं मुकाट्यानं हातावर ठेवलं. त्या मुकेपणानंच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गॅरेजवर डबा घेऊन गेले. मिस्त्रींनी तो फिल्टर करवतीनं कापून बाकड्यावर ठेवला होता. आतल्या कागदाच्या घड्या एकमेकींना चिकटलेल्या, एका कडेचा डिंक सुटलेला. शेजारी त्यांनी चांगल्या कंपनीचा जुना फिल्टर कापून ठेवला. त्याच्या घड्या शाळेच्या नव्या गणवेशाच्या स्कर्टसारख्या, एका मापाच्या! “हा कुठून आणला?” मिस्त्रींनी विचारलं. माझ्या तोंडाला कोरड पडली. हे चटकन म्हणाले, “मीच आणला होता.”

रात्री मी सगळं सांगून टाकलं, रेनकोटसकट. हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, “डबा मीही पाहिला होता. नेहमीचा नाही, कळलं होतं मला. म्हटलं, जाईल चालून.” आता रागवायचं कुणी कुणावर! नोझल साफ करण्यात आणि एक बदलण्यात नऊ हजार गेले, ते दोघांच्या नावावर मांडले.

त्यानंतर मी मिस्त्रींच्या पाठीच लागले. “वहिनी, तुम्हाला काय करायचंय हे?” असं आधी म्हणाले, पण सांगायला लागल्यावर शाळेतल्या कुणाहीपेक्षा चांगलं शिकवलं त्यांनी.

डिझेलमध्ये थोडं पाणी येतंच. टाकीत हवेतला ओलावा धरतो, पावसाळ्यात जास्तच. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते फिल्टरच्या तळाशी बसतं. तिथं एक स्क्रू असतो, तो सैल करून पाणी काढून टाकायचं. आपण तेलाखालचा गाळ काढतो तसं. पुष्कळ गाड्यांत पाणी साठलं की समोर दिवाही लागतो, तो पाहून न पाहिल्यासारखं करायचं नाही. आजकालच्या इंजिनात डिझेल हवेच्या दाबाच्या हजारपटीहून जास्त दाबानं नोझलमधून फवारलं जातं आणि त्याची भोकं अतिशय बारीक असतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड. चांगला फिल्टर चार-पाच मायक्रॉनचा कणही अडवतो. आमच्या फिल्टरच्या सुटलेल्या कडेतून काय काय गेलं असेल, देव जाणे.

हा फिल्टर बदलला की लगेच गाडी सुरू होत नाही, म्हणून घाबरू नये. आत हवा शिरलेली असते. हातपंप दाबून दाबून ती काढावी लागते. पंप हाताला घट्ट लागला की समजायचं, डिझेल भरलं.

ऑईलचा फिल्टर दर वेळी ऑईलबरोबरच बदलायचा. नव्या ऑईलला जुना फिल्टर म्हणजे अंघोळ करून मळके कपडे घालण्यासारखं. जुना काढला की त्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून तर राहिली नाही ना, हे बोट फिरवून बघायचं. ती राहिली आणि वर दुसरी बसली, तर ऑईल गळून इंजिनच जाम व्हायचं. नव्या रिंगला ऑईलचं बोट लावायचं आणि हातानंच पिळायचं. रिंग टेकली की पुढं साधारण पाऊण फेरा. पाना घेऊन जोर दाखवायचा नाही. गाडी बंद असताना ऑईल खाली उतरून जाऊ नये म्हणून यात एक रबरी झडप असते. स्वस्तातल्या फिल्टरमध्ये नेमकी तिथंच काटकसर केलेली असू शकते, आणि ती बाहेरून दिसत नाही.

हवेचा फिल्टर मात्र आता मीच बघते. खटके उघडायचे, कागदी फिल्टर काढायचा, पदरानं नाही हं, ओल्या फडक्यानं पेटी पुसायची. धूळ असेल तर हलकी हवा आतून बाहेर मारायची. बाहेरून जोरात मारली तर धूळ कागदात रुतते, कागद फाटतो. पाण्यानं धुवायचा तर नाहीच. मी एकदा बादली भरूनही ठेवली होती! दिव्यासमोर धरला आणि उजेड दिसेना, तर बदलायचा. उसाच्या शिवारातल्या मुरमाच्या रस्त्यांवर पुस्तिकेतल्या किलोमीटरच्या आधीच तो भरतो. पण उगाच चार-चार दिवसांनी उघडूही नये. किंचित धूळ धरलेला फिल्टर उलट बारीक धूळ जास्त अडवतो आणि प्रत्येक उघडण्यात आत घाण जायची भीती. बसवताना रबरी कडा सगळीकडून बसली पाहिजे. एका बाजूला फट राहिली तर फिल्टर असून नसल्यासारखा.

दुकानात जाताना मी आता जुना फिल्टर किंवा त्याचा नंबर, गाडीचा महिना आणि वर्ष वहीत लिहून नेते. त्याच नावाच्या गाडीला एप्रिल २०२० नंतर, बीएस-सहाचे नियम आल्यावर, निराळा फिल्टर लागू शकतो. आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं नाही. डबा उघडून घड्या बघता येत असतील तर बघते, रबर दाबून बघते, आणि पक्कं बिल मागते. बिल म्हटल्यावर दुकानदाराचा चेहरा बदलला, तर पुढचं दुकान.

सासूबाई पहिल्यांदा हसल्या होत्या. “बाई माणसानं गाडीत डोकं घालायचं?” मग कापलेला फिल्टर घरी आणून दाखवला. त्यांनी घड्यांवरून नख फिरवलं आणि म्हणाल्या, “आमचं फडकं बरं, रोज धुता तरी येतं.” काळा गाळ पाहून मात्र गप्प झाल्या. आता किलोमीटर किती झाले, हे त्याच ह्यांना विचारतात.

त्या काकांनी पुढचं वर्षभर आम्हाला बोलावलं नाही. २०२४ च्या शेवटाला एकदा फोन आला, तोही कांद्यासाठी. ह्यांनी भाडं सांगितलं, त्यांनी घासाघीस केली नाही.

गुलाबी रेनकोट लेकीला आखूड झालाय. टाकवत नाही. सीटखाली एक डिझेलचा फिल्टर कायम जास्तीचा असतो, तो मी त्यातच गुंडाळून ठेवलाय.