दाब आणि धार

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक सहसा दोन कामांसाठी येतात. एक, लग्नपत्रिकेचा मजकूर तपासून घ्यायला. आणि दोन, बाळाला नाव सुचवून घ्यायला. ही दोन्ही कामे मी गेली कित्येक वर्षे बिनतक्रार करीत आलो आहे. पण यंत्र निवडण्यासाठी कुणी माझे दार ठोठावील, असे मला कधी स्वप्नातही वाटले नव्हते.

आमच्या सोसायटीतल्या मोटारी धुणारा मुलगा बावीस-तेवीस वर्षांचा आहे. पहाटे साडेपाचला तो एक बादली आणि दोन फडकी घेऊन येतो आणि आठाच्या आत चौदा मोटारी पुसून मोकळा होतो. थंडीत त्याच्या बोटांना भेगा पडतात. यंदा त्याच्या आईची भिशी लागली, आणि त्या पैशांतून जोरदार धारेने गाड्या धुण्याचे यंत्र घ्यायचे त्याच्या मनाने घेतले. बाजारात त्याला ‘प्रेशर वॉशर’ म्हणतात. सकाळी मोटारी, दुपारी रिक्षा-टेम्पो आणि सुगीनंतर जवळच्या गावातले ट्रॅक्टर, असा त्याचा बेत. दहा-बारा जाहिरातींचे कागद माझ्यापुढे ठेवून तो म्हणाला, “सर, यातलं कुठलं घेऊ, तेवढं सांगा.”

मी नाही म्हणणार होतो. तेवढ्यात आतून सौ. म्हणाली, “अहो, पत्रिकेत काही राहिलं तर लोक फार तर हसतील. इथं त्याच्या आईचे पैसे आहेत. नीट वाचून सांगा.”

तेव्हा मी वाचू लागलो. वाचणे हा तर माझा धंदाच! आणि काय सांगू वाचकहो, इतकी विशेषणे मी एखाद्या पंडिती काव्यातही एका पानावर पाहिली नसतील. प्रत्येक यंत्र ‘महाशक्तिशाली’. प्रत्येकावर एक मोठा आकडा छापलेला: १२० बार, १५० बार, १८० बार. बार म्हणजे दाबाचे माप. दहा मीटर उंचीवर टाकी असेल, तर खालच्या नळाला साधारण एक बार दाब मिळतो. आमच्या गच्चीवरच्या टाकीचा हिशेब दीड बारापलीकडे जात नाही. शंभर बारांसाठी टाकी एक किलोमीटर उंच हवी! सिंहगडाच्या माथ्यावर टाकी बांधून तिचा नळ पुण्यात सोडला, तरी इतका दाब यायचा नाही.

मग टेबलावर मावणाऱ्या डब्यातून हा दाब येतो कुठून? आमच्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी ते चहाच्या पेल्यावर समजावून दिले. पंप पाणी फक्त ढकलीत असतो. दाब निर्माण होतो तो पुढची वाट अरुंद असते म्हणून. रबरी नळीच्या तोंडावर अंगठा धरून लहानपणी आपण जे करीत होतो, तेच हे. त्यांनी मला एक गणितही दिले. दाबाचे बार आणि मिनिटाला पडणारे लिटर यांचा गुणाकार करून त्याला ६०० ने भागायचे. जे उत्तर येईल तितके किलोवॅट त्या पाण्याच्या धारेत असतात. ते उत्तर मोटरच्या ताकदीपेक्षा कमीच असले पाहिजे, कारण वाटेत थोडी ताकद खर्च होणारच.

घरी येऊन मी गुणाकार करीत बसलो. एका कागदावर लिहिले होते: १५० बार, मिनिटाला ८ लिटर, मोटर १५०० वॅट. उत्तर आले दोन किलोवॅट! दीड शेर दुधातून दोन शेर खवा. मग बारकाईने पाहिले, तर दोन्ही आकड्यांपुढे बारीक अक्षरांत ‘कमाल’ हा शब्द होता. कमाल दाब वेगळ्या क्षणाचा, कमाल प्रवाह वेगळ्या क्षणाचा. दोघांची गाठ कधी पडतच नाही. व्याकरणाच्या माणसाला विशेषणाचे महत्त्व सांगावे लागत नाही. पण ते इतके महाग पडू शकते, हे मला नवीन होते. त्या दिवसापासून आम्ही ‘कमाल’ सोडून ‘चालू दाब’ कुठे दिला आहे, तेवढेच पाहू लागलो. गठ्ठ्यातले निम्मे कागद तिथेच गळाले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघे नाना पेठेत गेलो. चार दुकानदारांनी आम्हांला आकडे ऐकवले. पाचव्या दुकानातल्या म्हाताऱ्या मालकांनी मात्र उलट प्रश्न केला, “दिवसाला गाड्या किती?” मुलगा म्हणाला, “पंधरा-वीस.” त्यावर त्यांनी हलकी, देखणी यंत्रे बाजूला सारली. ती घरच्या एका मोटारीसाठी, ते म्हणाले. त्यांची मोटर कार्बन ब्रशांवर चालते; आवाज मोठा, आणि ब्रश झिजत जातात. रोजच्या धंद्याला इंडक्शन मोटर आणि पितळी पंप हवा. यंत्र जड होते, किंमत वाढते, पण आवाज कमी आणि आयुष्य जास्त. सुटे भाग आपल्याच गावात मिळतात ना, हेही विचारून घ्यावे. शिवाय बोअरच्या पाण्यातली रेती पंपाला खाते, म्हणून पाणी आत घेण्याच्या तोंडाशी गाळणी हवीच.

आता प्रश्न पाण्याचा. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळूरला पिण्याच्या पाण्याने गाड्या धुणाऱ्यांना पाच हजारांचा दंड लावण्यात आला होता. आमच्याकडेही उन्हाळ्यात टँकर येतात. अध्यक्षांनी हरकत घेतली, तेव्हा आम्ही बादली लावून मोजले. आमची उघडी नळी मिनिटाला पंधरा लिटर पाणी सोडते. हे यंत्र सहा. शिवाय बोट उचलले की धार बंद. पण बादली-फडक्याचे काम तीस लिटरांत होते, आणि तीस लिटर यंत्राला पाचच मिनिटे पुरतात. तेव्हा नळीपेक्षा यंत्र काटकसरी खरे, बादलीपेक्षा नव्हे. यंत्राचा खरा फायदा निराळा आहे. चिखलातली रेती फडके लागण्यापूर्वीच वाहून जाते, म्हणून रंगावर ओरखडे उठत नाहीत. अध्यक्षांना हा हिशेब पटला. पिण्याचे नव्हे, बोअरचे पाणी वापरायचे, असे ठरले.

यंत्राबरोबरचे पुस्तक इंग्रजीत होते. इथे मात्र माझा विषय कामाला आला. मी त्याला एका पुठ्ठ्यावर मराठीत लिहून दिले: मोटारीच्या रंगाला चाळीस अंशांची पसरट धार, तीही हातभर अंतरावरून. शून्य अंशाची सरळ धार गाडीला कधी लावू नये. टायरची बाजू, रेडिएटरच्या नाजूक पात्या, मोटरसायकलच्या चाकाचे बेअरिंग यांवर जवळून मारा करू नये. पाणी नसताना यंत्र चालवू नये. वायर जाड व अर्थिंग पक्के असावे, आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा. शेवटचे कलम मी लाल शाईने लिहिले. धार कुणाच्याही अंगावर धरू नये. ती कातडीत शिरली, तर वरून टाचणी टोचल्याइतकीच खूण दिसते, पण आत मोठी इजा झालेली असू शकते. तशा वेळी दुखण्याची वाट न पाहता थेट इस्पितळ गाठावे.

त्याने घेतलेले यंत्र ११० बारांचे आहे. गल्लीच्या तोंडाशी दुसऱ्या एकाने १८० वाले मांडले आहे, आणि तो आकडा त्याने फलकावरही रंगवला आहे. परवा एक टेम्पोवाला आमच्या मुलाला जरा हिणवूनच म्हणाला, “काय रे, तुझं किती बारचं?”

तो धार न थांबवता म्हणाला, “गाडीचा मळ जाईल अन् रंग राहील, तेवढ्या बारचं.”