सेंधव्याचा खडा, धुळ्याची काच

इंदूरच्या मराठी घरांत आग्रा-मुंबई मार्गाला कोणी क्रमांकाने ओळखत नाही. तो नुसता ‘रस्ता’ असतो. सरकारने इकडच्या भागात तीनचा बावन्न केला, तरी आमच्या बोलण्यात काही फरक पडला नाही. मुंजी, लग्ने, बाळंतपणे, अस्थी घेऊन नाशिकला जाणे, सारे ह्याच रस्त्याने. मानपूर मागे पडले की माळव्याचे पठार संपते, गाडी निमाडात उतरू लागते आणि वाऱ्याचा गारवा नाहीसा होतो. खलघाटला नर्मदामाईला हात जोडायचे, सेंधव्याला चहा घ्यायचा, घाटात बिजासनी मातेला नमस्कार करून सातपुडा ओलांडायचा आणि शिरपूरच्या पुढे तापीचा पूल आला की ‘आलो बाई आपल्या मुलखात’ असे म्हणायचे. आमच्या तीन पिढ्या इंदुरात गेल्या, परतीच्या वाटेवर मानपूरचा घाट चढला की पुन्हा हेच वाक्य निघते, तरी कोणाला त्यात विसंगती वाटत नाही.

२०२३ च्या मे महिन्यात, वैशाखात, नाशिकला आक्काच्या नातवाची मुंज होती. आक्काला एकुलती एक मुलगी. त्यामुळे बटूचा मामा म्हणजे माझा चिरंजीव. मंगलाष्टकांच्या वेळी बटूच्या पाठीशी मामाने उभे राहायचे असते, आणि आक्काने महिनाभर आधीपासून दूरध्वनीवरून तेवढे एकच पालुपद धरले होते. मुहूर्त सकाळचा, म्हणून आम्ही आदल्या दिवशी सातच्या सुमारास घर सोडले. चिरंजीव, सूनबाई, आठ वर्षांची नात आणि मी. पुढच्या आसनावर मी, कारण मागे बसले की घाटात मला मळमळते. गाडी वर्षभरापूर्वीच घेतलेली, अगदी नव्या तऱ्हेची. आरशामागे काचेला चिकटून एक कॅमेरा. पुढचे वाहन फार जवळ आले तर गाडी आपण होऊन ब्रेक लावते, पट्टा सोडून जाऊ लागली तर चालकाला जागे करते. आमची नात त्याला ‘गाडीचा तिसरा डोळा’ म्हणते.

जुलवानिया सोडल्यावर पुढे खडीने भरलेला एक ट्रक होता. चिरंजीव अंतर राखून होता. पण बाजूने एक मोटार घुसली, तिला वाट देताना आम्ही ट्रकच्या मागे आलो आणि टक्क असा आवाज झाला. माझ्या समोरच काचेवर आठ आण्याच्या जुन्या नाण्याएवढी चांदणी उमटली. आत गारवा भरून होता, बाहेर निमाडचे ऊन. पाहता पाहता त्या चांदणीतून एक रेघ निघाली आणि सेंधवा येईपर्यंत हातभर चालत गेली. काच चालते हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले.

सेंधव्याला रस्त्याकडेला एका दुकानात काचा उभ्या रचून ठेवल्या होत्या. दुकानदार मोठा तत्पर. “माताजी, दो घंटे में नया काँच लगा देंगे, आप नाश्ता कीजिए.” त्याच्याकडे ह्याच गाडीची काच होती, मात्र त्या गाडीच्या साध्या प्रकाराची. आमच्या काचेला कॅमेऱ्यासाठी जे पकडणीचे कोंदण होते ते तिला नव्हते. “वो हम चिपका देंगे,” असे तो म्हणाला. चिरंजीव नको म्हणत होता. मी मात्र घड्याळाकडे पाहून त्याच्यावर रागावले. काच ती काच, दोन तासांत लागते आहे, संध्याकाळी आक्काच्या दारात उभे राहू, एवढाच माझा हिशेब. मी शाळेत पस्तीस वर्षे विज्ञान शिकवले आहे, हे इथे लिहायला संकोच वाटतो.

चिरंजीवाने ऐकले नाही. त्याने काचेची छायाचित्रे घेतली, विमा कंपनीला दूरध्वनी केला, तडा गेलेल्या जागी पारदर्शक चिकटपट्टी लावली, वातानुकूलन बंद केले आणि मला मागच्या आसनावर पाठवले. पुढची ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आम्ही बैलगाडीच्या धीमेपणाने गेलो. घाटात मला मळमळले. तापीचा पूल आला तेव्हा कोणीच काही बोलले नाही.

धुळ्याला विमा कंपनीने सांगितलेल्या जागी एक मिस्त्री भेटले. पन्नाशीचे, मितभाषी, बोलण्यात अहिराणीचा हेल. त्यांनी प्रथम काचेच्या खालच्या कोपऱ्यातला शिक्का वाचला. ह्या शिक्क्यात कारखान्याची खूण असते, भारतीय मानक २५५३ चा क्रमांक असतो आणि काच कोणत्या जातीची ते लिहिलेले असते. मग त्यांनी गाडीचा क्रमांक घेऊन नाशिकला विचारणा केली. “कॅमेऱ्याची जागा, पावसाच्या सेन्सरची जागा आणि आवाज कमी करणारा पडदा, तिन्ही असलेलीच काच पाहिजे, भाऊ. साडेपाचपर्यंत येईल.” मी विचारले, “आणि आम्ही निघणार केव्हा?” ते म्हणाले, “गाडी उद्या सकाळी. आज नाही.”

मी चिडले. एवढ्या उन्हात गोंद वाळायला रात्र कशाला हवी? मिस्त्री हसले नाहीत, हे त्यांचे मोठेपण. त्यांनी सांगितले की हा गोंद उन्हाने वाळत नाही; तो हवेतला ओलावा पिऊन घट्ट होतो. म्हणून पावसाळ्यात तो लवकर धरतो आणि आमच्याकडच्या कोरड्या वैशाखात त्याला वेळ लागतो. गोंदाच्या डब्यावर किती उष्णतेला आणि किती दमट हवेत किती तास थांबावे ह्याचा तक्ताच छापलेला असतो. काही गोंद तासाभरात गाडी हलवू देतात, काही अख्खा दिवस मागतात. कोणता वापरणार आणि किती तास, हे गिऱ्हाइकाने आधी विचारावे, असे ते म्हणाले.

“पण काच पडेल थोडीच?” मी अजून वाद घालत होते.

“पुढे कोण बसतं?”

“मी.”

त्यांनी माझ्या समोरच्या फळीवर हात ठेवला. “इथं फुगा आहे. धडक बसली की तो तुमच्याकडे सरळ येत नाही, आजी. आधी वर उसळतो, काचेवर आपटतो आणि काचेचा आधार घेऊन तुमच्यापुढे उभा राहतो. गोंद कच्चा असला तर फुगा काचेला घेऊन बाहेर जाईल. मग तुम्हाला आधार कोणाचा?” शिवाय गाडी उलटली तर टप दाबला जाऊ नये म्हणून जी ताकद लागते तिच्यातही ह्या काचेचा वाटा असतो. पूर्वीच्या गाड्यांत काच रबराच्या पट्टीत बसवलेली असे; ती खिडकीसारखी होती. आताची काच गाडीच्या सांगाड्याला चिकटवलेली भिंत आहे.

मला सेंधव्याचे ते दोन तास आठवले आणि मी गप्प बसले.

काच येईपर्यंत तीन-साडेतीन तास होते. धुळे हे आम्हा इंदूरकरांना केवळ जेवणाचे गाव; तिथे उतरून पाहणारे थोडे. नातीला घेऊन मी रिक्षाने राजवाडे संशोधन मंडळाकडे गेले. इतिहासाचार्य राजवाड्यांनी ह्याच गावी १९२६ साली देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने हे मंडळ उभे राहिले. जुन्या कागदांसाठी गावोगाव पायपीट केलेला तो माणूस. येताना रिक्षावाल्याने तुरुंगाचा रस्ता दाखवला. १९३२ साली तिथे विनोबांनी कैद्यांपुढे गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. नातीने विचारले, “आजी, तुरुंगात काच असते का?” उत्तर सुचले नाही.

परत आलो तो काच आली होती. पुढचे दीड तास मी खुर्ची टाकून पाहत बसले. जुनी काच काढताना गोंदाच्या थरातून एक पोलादी तार आरपार घातली आणि दोघांनी दोन बाजूंनी ती करवतीसारखी ओढली. चौकटीवरचा जुना गोंद त्यांनी पत्र्यापर्यंत खरवडला नाही. एक-दोन मिलिमीटरचा थर राखून वरचा तेवढा कापला, कारण नवा गोंद जुन्या स्वच्छ थराला उत्तम धरतो. एके ठिकाणी पात्याचा ओरखडा रंगाला लागला, तिथे लगेच प्रायमर लावला. तसा ओरखडा उघडा राहिला तर आतून गंज धरतो, गोंद सुटतो आणि दोन पावसाळ्यांनी पायाखाली पाणी येते. नव्या काचेच्या कडेला जी काळी किनार असते ती मला आजवर शोभेची वाटत होती. ती उन्हापासून गोंदाचे रक्षण करते. काचेला कोणी उघडा हात लावला नाही. रबरी पेल्यांनी उचलून ती एकदाच, नेमकी बसवली.

उतरवलेली काच भिंतीला टेकून होती. शंभर भेगा, पण एक तुकडा सुटला नव्हता. दोन पातळ काचांमध्ये जेमतेम पाऊण मिलिमीटरचा चिवट पडदा, एवढीच ती करामत. ह्या कल्पनेचे मूळ एदुआर बेनेदिक्तुस ह्या फ्रेंच माणसाच्या हातून पडलेल्या कुपीत आहे. आत सेल्युलोजचा पापुद्रा वाळला होता, म्हणून कुपी फुटली पण विखुरली नाही. त्याने १९०९ साली पेटंट घेतले. त्याच सुमारास, १९०८ मध्ये, आपल्याकडे तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला होता, आणि ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील तर आमच्या इंदूरच्या घरात माझ्या लहानपणापर्यंत तेवत होता. त्याची चिमणी फुटली की आईचा जीव आधी आमच्या अनवाणी पायांकडे जाई.

मी मिस्त्रींना विचारले की तो पहिला टवका भरता आला नसता का. आला असता, म्हणाले. टवका नाण्याहून लहान, काचेच्या कडेपासून दूर, चालकाच्या नजरेच्या रेषेत नसलेला आणि आत धूळपाणी न शिरलेला असेल तर राळ भरून तो थांबवता येतो, खर्चही थोडा. म्हणजे चिकटपट्टी पहिल्या मिनिटाला लावायला हवी होती आणि गारवा तेव्हाच बंद करायला हवा होता.

गाडीच्या डोळ्याबद्दल मात्र त्यांनी स्पष्ट सांगितले, “काच मी बसवली. नजर लावणं माझं काम नाही.” काच केसभर इकडेतिकडे बसली तरी कॅमेऱ्याची दृष्टी पुढे काही मीटरने चुकते. नाशिकच्या कार्यशाळेत सपाट फरशीवर गाडी उभी करून, मोजून ठरावीक अंतरावर नक्षीचे फलक मांडून ती पुन्हा जुळवावी लागेल. तोवर ती मदत बंद ठेवून चालवा, असे त्यांनी चिरंजीवाकडून वदवून घेतले. जुन्या काचेवरचा फास्टॅगही गेला. तो सोलून पुन्हा लावता येत नाही. बँकेकडून नवा मागवावा लागतो, आणि तोपर्यंत तेव्हाच्या नियमाप्रमाणे नाक्यावर दुप्पट पैसे.

विम्याचे थोडक्यात सांगते, कारण त्यानंतर भिशीच्या मंडळातल्या चौघींनी तरी मला विचारले. सर्वसमावेशक विम्यात काचेच्या भागांवर घसारा कापला जात नाही. मालकाने सोसायचा ठरलेला भाग १५०० सी.सी. पर्यंतच्या गाडीला १००० रुपये, त्यावर २००० रुपये. पण काच उतरवण्याआधी कंपनीला कळवलेच पाहिजे. आणि दावा केल्याने पुढच्या वर्षीची सवलत जाते का, हे आपल्या पॉलिसीत पाहावे. ती सवलत वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचलेली असेल तर साध्या काचेचा खर्च पदरचा केलेला कधी कधी स्वस्त पडतो.

साडेसातला गाडी मिस्त्रींच्या हवाली केली. एक खिडकी बोटभर उघडी ठेवली होती, कारण दार आपटले की आतली हवा कच्च्या काचेला बाहेर ढकलते. आम्ही सात नग सामान, मुंजीची भिक्षावळीची भांडी आणि शेवेचे दोन डबे घेऊन एस.टी. स्थानकावर गेलो. नाशिकच्या गाडीत मला आणि नातीला जागा मिळाली. मामा मालेगावपर्यंत उभा होता. मध्यरात्री आक्काच्या दारात पोचलो. ती जागीच होती. “मोटार कुठाय?” एवढेच तिने विचारले, आणि पिठले गरम करायला आत गेली.

सकाळी अंतरपाटाच्या अलीकडे बटू उभा होता आणि त्याच्या खांद्यांवर मामाचे दोन्ही हात होते.

गाडी चिरंजीवाने तिसऱ्या दिवशी एस.टी.ने जाऊन आणली, नाशिकला नजर जुळवून घेतली, आणि आठवड्याने आम्ही परतलो. धुळ्याला थांबून मिस्त्रींना मुंजीचे लाडू द्यायला उतरले. त्यांनी आधी काचेच्या कडेवरून बोट फिरवले, पोऱ्याकडून दोन बादल्या पाणी वरून ओतवले, आत वाकून पायपोस चाचपला. कोरडा होता. मग हात पुसून त्यांनी लाडू घेतला.

त्या दिवशी परतीच्या प्रवासात मी पुढेच बसले होते. घाटात खडीचा ट्रक दिसला की नात मागून ओरडायची, “बाबा, मागे राहा!” आणि आम्ही मागे राहत होतो.