बुडातला रंग

मराठीत दोन गोष्टी एकजीव करायच्या म्हटल्या, की आधी क्रियापद निवडावं लागतं. भात कालवायचा, ताक घुसळायचं, औषध खलायचं, डाळ घोटायची, बाटली हलवायची आणि चहातली साखर ढवळायची. यांत अदलाबदल चालत नाही. ताक नुसतं ढवळलं तर लोणी येत नाही, आणि घुसळलेला भात कुणी खाणार नाही. कन्नडातही अशीच वाटणी आहे. आमच्या शेजारच्या अज्जी भात 'कलसतात', आणि उडुपीच्या कृष्णाच्या हातातल्या रवीला 'कडेगोलु' म्हणतात. विमानांच्या छोट्या प्रतिकृतींना लावायचा रंग एकजीव करणं यांपैकी कोणत्या खात्यात बसतं, हा प्रश्न बेंगळुरूतल्या आमच्या मागच्या बाल्कनीत मला अनेकदा पडला आहे.

ही विमानं माझी नव्हेत, अप्पांची. अप्पा बेळगावहून नोकरीसाठी इथे आले आणि सगळं आयुष्य एका विमान कारखान्याच्या रंगखात्यात काढलं. निवृत्तीनंतर ते घरी विमानं करू लागले, मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याएवढी. बहुतेक प्लास्टिकच्या तयार सुट्या भागांची, पण एक मात्र त्यांनी नकाशावरून, लाकूड कोरून केलं. ते म्हणजे मरुत. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बेंगळुरूत बांधलेलं हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालं. त्याचा आराखडा करणारे कुर्ट टांक हे जर्मन, दुसऱ्या महायुद्धातल्या फॉके-वुल्फ १९० चे कर्ते. १९७१ च्या युद्धात मरुत लढलं. आता ते जुन्या विमानतळ रस्त्यावरच्या एचएएलच्या संग्रहालयात आणि कस्तुरबा रस्त्यावर विश्वेश्वरय्या संग्रहालयाच्या आवारात उभं आहे. जवळजवळ सोळा मीटर लांबीचं ते धूड अप्पांच्या टेबलावर बावीस सेंटिमीटरचं होतं.

त्याचा हिरवट करडा रंग अप्पांनी तीन डब्यांतून स्वतः बनवला. मापाने नव्हे, नजरेने. होमिओपॅथीच्या एका काचेच्या बाटलीत तो भरून ठेवला. डावा पंख आणि धडाची डावी बाजू रंगवून झाली, आणि मग मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत काही महिने गेले. त्यातून बाहेर पडतात न पडतात तोच उजवा हात थरथरू लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. थरथर कमी झाली, गेली नाही. विमान कपाटावर गेलं, बाटली खणात गेली, आणि तीन वर्षं कुणी दोन्हींचा विषय काढला नाही.

बाटली मी बाहेर काढली तेव्हा वरचे दोन हिस्से तेलासारखं पिवळसर, आरपार दिसणारं द्रव होतं आणि खालचा हिस्सा दगड. नवीन रंग बनवण्याची सोय नव्हती, कारण त्या तीन डब्यांपैकी एकाची छटा आता निघत नाही. आणि तशीच्या तशी दुसरी छटा जमवली, तरी धडाच्या मध्यावर जिथे जुना आणि नवा रंग मिळणार तिथे डोळ्याला रेघ दिसणारच. विमान पुरं व्हायचं तर याच बाटलीतून व्हायला हवं होतं.

रंग असा का बसतो हे समजून घेतलं, तर तो उठवायचा कसा हेही कळतं. रंग म्हणजे रंगद्रव्याची पूड, ती धरून ठेवणारं राळेसारखं माध्यम, आणि सगळं पातळ ठेवणारं द्रावक. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड पाण्याच्या चौपट जड असतं. जड कण खाली जाणार. किती वेगाने, त्याचं गणित जॉर्ज स्टोक्सने १८५१ मध्ये मांडलं : कण आणि द्रव यांच्या घनतेत फरक जितका जास्त तितका वेग जास्त, आणि कणाचा व्यास निम्मा झाला तर वेग चौथाई. शिवाय चकाकी नसलेल्या रंगात चकाकी मारण्यासाठी एक वेगळी पूड घातलेली असते. तीही बुडाशी बसते. म्हणून अर्धवट ढवळलेला 'मॅट' रंग वाळल्यावर भलताच चकाकतो, आणि लढाऊ विमान नव्या रिक्षासारखं दिसू लागतं. वरचं द्रव फक्त वाहून नेतं. विमानाचा रंग सगळा बुडात असतो.

सगळ्यात सोपा उपाय हलवण्याचा. अप्पा म्हणाले, "हलवायचंच असेल तर माझ्या हातात दे. तो नाहीतरी हलायलाय." आम्ही दोघंही हसलो. तीन वर्षांत हाताबद्दल आम्ही पहिल्यांदाच काही बोलत होतो. पण हलवण्याने ताजा रंगच फार तर मिसळतो. बसलेल्या दगडावरून द्रव नुसतं इकडून तिकडे जातं. पाण्यात विरघळणाऱ्या अॅक्रिलिक रंगात बुडबुडे होतात आणि ते ब्रशातून विमानावर उतरतात. वर रंग झाकणाच्या आट्यांत शिरून वाळतो आणि पुढच्या वेळी झाकण पकडीनेच उघडावं लागतं.

आमचा रंग तैलजातीचा, म्हणजे एनॅमल होता. त्याला आधी ऊब दिली. घट्ट बंद बाटली कोमट पाण्याच्या वाटीत दहा मिनिटं ठेवली. बोट सहज बुडेल इतकंच पाणी गरम हवं, आणि गॅसजवळ हे काम करायचं नाही, कारण त्यातलं द्रावक पेट घेतं. ऊब लागली की माध्यम सैल होतं.

मग काडी. टूथपिक कामाचं नाही, ते गाळात नांगरासारखी एक चर पाडतं आणि बाकीचा गाळ जागच्या जागी राहतो. काडीचं टोक चपटं हवं. आइस्क्रीमची काडी उभी चिरून घ्यावी, किंवा या शहरात पदोपदी मिळणारी कॉफी ढवळायची लाकडी पट्टी घ्यावी. कागदाची टाचणी सरळ करून तिचं टोक हातोडीने चपटं केलं, तर ते बाटलीच्या बुडाच्या कोपऱ्यातही पोचतं. मी ढवळू लागले, तसे अप्पा आतून म्हणाले, "नुसतं पाणी ढवळायलीस. बुडातनं ढवळ." त्यांना दिसत नव्हतं. काडी काचेला लागल्याचा आवाज आला नाही, एवढ्यावरून त्यांनी ओळखलं होतं.

बाहेर येऊन त्यांनी रीत सांगितली, आणि ती मला स्वयंपाकघरातून आधीच ठाऊक होती. पिठल्यात गुठळ्या नको असतील तर बेसन एकदम भांडभर पाण्यात घालत नाहीत. आधी थोड्या पाण्यात कालवून लापशी करतात, मग ती पातळ करतात. रंगाचंही तसंच. वरचं जवळजवळ सगळं द्रव दुसऱ्या स्वच्छ बाटलीत ओतून ठेवायचं. खाली उरलेला गाळ थोड्याशा द्रवात काडीने दाबून, खरवडून, काचेवर घोटायचा. त्याची मऊ चटणी झाली, की ओतून ठेवलेलं द्रव थेंब थेंब परत घालत न्यायचं. कारखान्यात मोठ्या डब्यांचंही हेच करायचे, असं ते म्हणाले. म्हणजे एका बाटलीसाठी तीन क्रियापदं लागतात : आधी कालवणं, मग घोटणं, आणि शेवटी ढवळणं.

हाताने याला अर्धा तास लागतो. घाई असणाऱ्यांसाठी यंत्रं आहेत. कॉफीला फेस आणायची, दोन सेलवर चालणारी स्वस्त रवी बाजारात मिळते. तिचं गोल टोक छोट्या बाटलीत जात नाही, म्हणून ते कापून टाकायचं आणि उरलेल्या तारेला लहानसा आकडा करायचा. टोक रंगात बुडवूनच बटण दाबायचं आणि बटण सोडूनच बाहेर काढायचं, नाहीतर भिंत रंगते. सेल जुने असतील तर उत्तम, वेग आवरता राहतो. एसपी रोडवर संगणकाचे जुने पंखे मिळतात. पंख्याच्या मध्यावर दोन लोहचुंबक चिकटवले, वर बाटली ठेवली आणि बाटलीत लोखंडी तारेचा तुकडा टाकला, की तो आत गरगरतो. प्रयोगशाळेतल्या महागड्या यंत्राचं तत्त्व हेच. पण ही सगळी घुसळण्याची साधनं. अॅक्रिलिकमध्ये त्यांनी फेस होतो, आणि कडक बसलेल्या गाळाला त्यांचा धक्का पोचतच नाही. गाळ आधी हाताने सुटलेला असला, तरच यंत्राचा उपयोग.

एकदा सुटलेला रंग पुन्हा घट्ट बसू नये म्हणून बाटलीत छर्रे टाकावेत. नेलपॉलिशच्या बाटलीत खुळखुळणारी गोळी याचसाठी असते. सायकल दुरुस्तीच्या दुकानात छर्रे अगदी थोड्या पैशात मिळतात, आणि एका बाटलीला दोन पुरतात. एनॅमलमध्ये पाणी नसल्याने तिथे ते चालतात. अॅक्रिलिकमध्ये मात्र साधं पोलाद गंजतं आणि पांढऱ्याचा बदामी होतो. त्यासाठी स्टेनलेस स्टीलचे छर्रे किंवा काचेचे मणी घ्यावेत. मणी मी चिकपेटेतून आणले. दुकानदाराने कन्नडात विचारलं, माळ कुणासाठी? रंगासाठी, म्हटल्यावर त्याने आणखी चार फुकट दिले.

आमच्या बाटलीला दोन संध्याकाळी लागल्या. पहिल्या दिवशी दगडाची चटणी झाली. दुसऱ्या दिवशी अप्पांनी तीत टर्पेंटाइनचे चार थेंब टाकायला सांगितले, चार म्हणजे चारच. शेवटी जुन्या नायलॉनच्या मोज्यातून रंग गाळून घेतला. मोज्यात वाळक्या सालीचे काही कण उरले, ते कशानेच विरघळले नसते. हाती आला तो मूळच्या निम्म्याहून थोडा जास्त. रंगाचा एक ठिपका पोस्टकार्डावर लावून रात्रभर वाळू दिला. सकाळी अप्पांनी तो डाव्या पंखाशेजारी धरला. हात हलत होता, म्हणून मी मनगट धरलं. बराच वेळ बघून ते म्हणाले, "तोच आहे."

मग ब्रश कुणी धरायचा, हा प्रश्न आला. त्याबद्दल अप्पांनी काही ठरवून ठेवलं असावं, कारण त्यांनी ब्रश सरळ माझ्यापुढे ठेवला. मी म्हटलं, "अप्पा, तुमचं विमान आहे." ते म्हणाले, "विमान कारखान्याचंच असायचं. आम्ही फक्त रंग द्यायचो." मी रंगवत गेले आणि ते सांगत गेले : ब्रश एकाच दिशेने, ओल्या कडेवर ओलाच हात, वाळायला लागलेल्या जागी परत जायचं नाही. शेपटीच्या उभ्या पात्यावरचा शेवटचा हात मात्र त्यांनी स्वतः मारला, कोपर टेबलावर टेकवून, डाव्या हाताने उजवं मनगट दाबून. त्या जागी रंग जरा जाड बसला आहे आणि कडेला एक लहर आहे. मी ती घासून सपाट करू का, असं विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

बाटलीत अजून बोटभर रंग उरला आहे. मरुतसाठी आता तो लागणार नाही, पण महिन्यातून एकदा मी तो काढते आणि छर्रे खुळखुळवून घेते. मग झाकण उघडून, पट्टी बुडाला टेकवून एकदा गोल फिरवते, काचेचा आवाज येईपर्यंत. आतल्या खोलीत अप्पा जागे असले तर काही बोलत नाहीत. म्हणजे बरोबर चाललंय.