फेकलेली कलेजी

कबनूरला आमच्या गल्लीत रात्रंदिवस मागांचा खडखडाट असायचा. शेडमागं, सुताच्या कचऱ्यात एक काळी कुत्री दरवर्षी व्यायची. पिल्लांची पोटं फुगलेली, बरगड्या मात्र मोजाव्यात अशा. एका पिल्लानं एकदा शेवयांसारखा जंतांचा गुंताच ओकला. दादी ओरडली, "हात मत लगा, नापाक है!" असे जंत पिल्लाला आईच्या गर्भातच लागतात, हे तेव्हा दादीला ठाऊक नव्हतं आणि मलाही.

बकरी ईदला त्याच कुत्र्यांची चंगळ असायची. कलेजीवर पाण्याचा पांढरा फोड दिसला, की खाटीकचाचा तेवढा भाग कापून गल्लीत भिरकावत. मुक्या जीवाच्या पोटात गेलं, असं म्हणून आम्हाला बरंच वाटायचं.

पुढं माझ्या मामूंच्या यकृतात पाण्याची मोठी गाठ निघाली. डॉक्टरांनी विचारलं, "कुत्री आहेत का घराजवळ?" मामू चिडले. पाच वक्ताचा नमाजी माणूस, जन्मात कुत्र्याला शिवला नव्हता. डॉक्टरांनी कागदावर एक गोल काढला. बकऱ्या-मेंढ्यांच्या कलेजीतला असा फोड कुत्र्यानं खाल्ला, की त्याच्या आतड्यात बारीक चपटे जंत होतात, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपासचे. त्यांची अंडी विष्ठेतून मातीत जातात, मातीतून भाजीवर आणि पोरांच्या हातावर. ती माणसाच्या पोटात गेली, की गाठ वर्षानुवर्षं गुपचूप वाढत राहते.

त्या गोलातला एक तुकडा आम्हीच भिरकावला होता.

२०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनाला शाळेत पोरांना गोळी मिळते. पण ती पोरांच्या आतड्यातल्या जंतांसाठी. कुत्र्याकडून येणारी ही गाठ तिनं टळत नाही. म्हणून पशुवैद्यांना विचारून मी गल्लीतल्या कुत्र्यांना प्राझिक्वान्टेलची गोळी भाकरीत घालून देतो. तरी कच्चा फोड पुन्हा त्यांच्या तोंडी पडला, तर सगळं पहिल्यापासून सुरू.

आता ईदला आम्ही आधी खोल खड्डा खणतो. पहिल्या वर्षी शेजारच्या चाचींनी सुनावलं, "कुत्र्याच्या तोंडचा घास काढतोस?" तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याची हदीस त्यांनीच मला लहानपणी सांगितली होती. मी म्हटलं, "चाची, उपाशी नाही ठेवत. चांगलं मांस उकडून घालतो." त्या काही बोलल्या नाहीत.

यंदा खड्ड्यावर शेवटची माती मामूंनी लोटली आणि वर दगड ठेवला. काळीच्या वंशातलं एक कुत्रं लांब बसून बघत होतं. मामू म्हणाले, "उसका खाना पका क्या, देख."